उत्तराऐवजी माणूस

सांत्वनाला गेलेल्या माणसाला उंबरठा ओलांडताच काहीतरी बोलावंसं वाटतं. गप्प बसणं त्याला जमत नाही. मग ठरलेली वाक्यं बाहेर पडतात: देवाच्या मनात होतं तसं झालं, सुटला बिचारा, चांगली माणसंच देवाला लवकर लागतात. आम्हा ख्रिस्ती लोकांकडे अशा वाक्यांचा साठा जरा जास्तच आहे. देवाची योजना, देवाची हाक, देवाने घेतलेली परीक्षा. वसईपासून डहाणूपर्यंत कुठल्याही मयताच्या घरी अर्धा तास बसा, तिन्ही वाक्यं कानांवर पडतील. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण समोरच्याचं दुःख हलकं करण्यापेक्षा स्वतःची धास्ती घालवायलाच ती जास्त उपयोगी पडतात, असं मला वाटत आलं आहे.

बायबलमध्येच याचा चांगला समाचार घेतलेला आहे. ईयोबाची मुलंबाळं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड उठले. तिघे मित्र भेटायला आले. सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले, चकार शब्द न काढता. तिथपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. मग ईयोबाने तोंड उघडून जन्मालाच शिव्याशाप दिले, आणि मित्रांना राहवलं नाही. पुढची कितीतरी प्रकरणं ते त्याला पटवत राहतात, की तुझ्या हातून काहीतरी घडलंच असणार, त्याशिवाय का हे? बेचाळीस प्रकरणांच्या या ग्रंथात देव ईयोबालाही खडसावतो, पण शेवटी राग धरतो तो या तिघा समजावणाऱ्यांवर. देवाची वकिली करायला गेले आणि देवानेच त्यांना बाहेर काढलं.

हे सगळं बोईसरमध्ये बसून आठवतं, याला कारण आहे. 'का' या प्रश्नाच्या उत्तरांची इथे मुळीच टंचाई नाही. कारखाना का बंद पडला, याची नोटीस फाटकावर लागते. खाडीत मासळी का मरते, याचे अहवाल आहेत. मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने तो प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापर्यंत नेला. पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं का उठवली, तर तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी. प्रत्येकी ५४० मेगावॅट वीज, हेही उत्तर आहे आणि ते खोटं नाही. २०१८च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरीकडे जमीन हादरू लागली, धुंदलवाडी परिसरातली माणसं थंडीत घराबाहेर तंबूत झोपू लागली. शास्त्रज्ञ आले, यंत्रं बसवली, ही भूकंपमालिका आहे, असे लहान-मोठे धक्के काही काळ बसत राहतात, असं सांगून गेले. तेही बरोबर. पण रात्री भांडी वाजायला लागली की पोराला उचलून बाहेर पळणाऱ्या बाईला त्या बरोबर उत्तराचा कितीसा आधार? बरोबर उत्तर आणि आधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही हव्यात, पण एकीने दुसरीची जागा भरत नाही.

ख्रिस्ती श्रद्धा एकट्या पडलेल्या माणसाला नेमकं काय देते, हा प्रश्न मी इथून सुरू करतो. उत्तर देते, असं बरेच प्रवचनकार सांगतात. मला ते पटत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ती उत्तर देतच नाही. ती माणसाला माणसाच्या हवाली करते. आणि हे कळायला मला एका वेगळ्याच ठिकाणची मदत झाली: तारापूरच्या किल्ल्याची.

जानेवारी १७३९. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत तारापूरचा पोर्तुगीज किल्ला पडला, तो फार मोठी किंमत देऊन. बाजी भिवराव रेठरेकर हा मोठा सरदार तिथे कामी आला. बाजीराव पेशव्यांचा तो जिवाभावाचा माणूस. पेशव्यांनी त्याच्या आईला सांत्वनाचं पत्र लिहिलं, त्याची आठवण इतिहासाच्या पुस्तकांतून येते. ईश्वराच्या मर्जीचा उल्लेख त्यात आहे, तो त्या काळच्या रीतीला धरूनच. पण पत्राचा जीव दुसरीकडे आहे. त्याचा भाव असा, की तुमचा मुलगा गेला, आता त्याच्या जागी मला समजा. मराठ्यांचा विजय कसा थोर, तुमच्या मुलाचं मरण कसं सार्थकी लागलं, यावर त्या माउलीची बोळवण करता आली असती. ज्याच्या दाराशी अर्धा हिंदुस्थान कामं घेऊन यायचा, तो माणूस एका आईला 'मी तुमचा मुलगा' म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या डोक्यावर एक जबाबदारी घेत असतो.

त्या लढाईत किल्ल्याच्या आत होते ते माझे धर्मबंधू, आणि तरी हे पत्र मला ख्रिस्ती वाटतं. पेशव्यांना हे ऐकून गंमत वाटली असती, किंवा रागही आला असता. पण योहानकृत शुभवर्तमानात क्रुसावरचा प्रसंग वाचताना मला दर वेळी तेच पत्र आठवतं. खाली आई उभी आहे, शेजारी लाडका शिष्य. प्राण जायला फार वेळ उरलेला नाही. येशू आईला तिच्या दुःखाचा अर्थ समजावत नाही. तीन दिवसांनी मी उठणार आहे, तोवर धीर धर, असंही म्हणत नाही, आणि म्हणाला असता तर ते त्याच्या दृष्टीने खरंच ठरलं असतं. तो आईला शिष्य देतो आणि शिष्याला आई. शुभवर्तमानकार पुढे एवढंच नोंदवतो, की त्या घटकेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. तिच्या खाण्यापिण्याची, निजण्याची सोय झाली. दुसऱ्या दोन शुभवर्तमानांत त्याच क्रुसावरून येशू देवालाच विचारतो, की मला का टाकलंस? त्या प्रश्नाला आकाशातून काही उत्तर आल्याची नोंद नाही. पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, पण त्या शुक्रवारच्या दुपारी कुणालाच उत्तर मिळालं नाही, हेही मी तितकंच खरं मानतो.

ईश्वरशास्त्रातली फोड मला करता येत नाही. बोईसरमधल्या खोल्यांतून काय दिसतं, ते सांगू शकतो.

तारापूर एमआयडीसीतली मोठी संख्या बाहेरून आलेल्यांची. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड. झारखंडमधून आलेल्यांत उराँव, मुंडा, खडिया समाजांतले ख्रिस्ती बरेच; सिमडेगा, गुमला अशी जिल्ह्यांची नावं त्यांच्या तोंडून ऐकू येतात. खैरापाड्याकडच्या एका चाळीत ऑक्टोबरमध्ये रोझरीला गेलो होतो. ऑक्टोबर हा रोझरीचा महिना, आमच्याकडे घरोघर ती फिरते. दहा बाय दहाची खोली, पाच जण, दोन पाळ्या, त्यामुळे एकाच गादीवर दिवसा एक झोपणार आणि रात्री दुसरा. भिंतीला एकच भक्कम खिळा. त्याला पाच ओळखपत्रं आणि एक माळ. कोपऱ्यात छोट्या सिलिंडरवर भाताचा कुकर. प्रार्थना त्यांच्या सादरीत, मधूनमधून हिंदीत. प्रत्येकाने दहा मणी चालवायचे. चौथ्याची पाळी आली तेव्हा तो भिंतीला टेकून गाढ झोपलेला होता. डबल ड्युटी करून आलेला. मला वाटलं, हलवतील. शेजारच्याने त्याच्या हातातली माळही काढून घेतली नाही. स्वतःचे दहा झाल्यावर न थांबता त्याचेही दहा म्हणून टाकले, आणि पुढे चालू. नंतर कुणी त्यावरून त्याची चेष्टाही केली नाही. भात झाला तसा त्याला उठवलं, तो मात्र जेवायला.

धर्मशिक्षणाच्या वर्गात 'एकमेकांसाठी प्रार्थना' हा धडा असतो. मी तो शिकवलेलाही आहे, आणि त्यात हे सांगायचं कधी सुचलं नव्हतं, की श्रद्धेच्या काही कामांत माणूस झोपला तरी चालतं. त्याच्या वतीने दुसरा जागा असतो. एकट्या माणसाला सगळ्यात जास्त थकवणारी गोष्ट कोणती? सगळं आपल्यालाच करावं लागतं, ही. आशासुद्धा आपणच धरायची. ती काही दिवस दुसऱ्याने धरली तर?

याच चाळींत अपघाताची बातमी येते तेव्हा हवाली करणं म्हणजे काय, ते अगदी व्यवहारात उतरतं. कारखान्याकडून मोठा आवाज आला, की इथली माणसं टीव्ही लावत नाहीत, आधी फोन लावतात. ज्याचा फोन लागत नाही, त्याच्यासाठी धावाधाव सुरू. एक जण पोलीस ठाण्यात पंचनाम्याला, दुसरा इस्पितळात शवविच्छेदनाच्या रांगेत, तिसरा ठेकेदाराच्या मागे, कारण मेलेल्याचं नाव मस्टरवर होतं की नव्हतं यावर घरच्यांना मिळणारी भरपाई ठरते. चौथ्याने गावाला फोन करायचा, आणि हे काम सगळ्यांत अवघड. मृतदेह दीड-दोन हजार किलोमीटरवर नेण्याचा खर्च, त्यासाठी चर्चमध्ये फिरणारी पेटी, आणि सोबत कुणी जायचं हा प्रश्न. जो जातो त्याची आठवडाभराची हजेरी बुडते. तिथे कुणी 'देवाची योजना' म्हणत नाही, वेळच नसतो. पण गावी त्या घरातल्या म्हातारीला, मुलासोबत इतक्या लांबून आलेला हा पोरगा आपला कोण, हे सांगावं लागत नाही.

कष्टकऱ्यांचा हा आधार फक्त ख्रिस्ती असतो, असं मी म्हणत नाही. छटपूजेला बोईसरच्या तळ्याकाठी जमणाऱ्या बिहारी बायकांत, भजनी मंडळांत, गणपतीच्या मांडवात हेच घडतं. मी माझ्या घरातलं सांगतो आहे.

एकटं पडण्याचा अनुभव इथल्या ख्रिस्ती समाजाला जुना आहे. मे १७३९ मध्ये वसई पडली आणि पोर्तुगीज निघून गेले, त्यांच्याबरोबर युरोपीय मिशनरी आणि त्यांचे मठही. मागे राहिले ते शेती करणारे, मासे मारणारे इथलेच लोक, आणि त्यांची मोट बांधणारे थोडे देशी धर्मगुरू. राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून जो आला होता, त्याला आता राज्याची सावली नव्हती. हिशेबाने पाहिलं तर तो एका पिढीत विरायला हवा होता. १७६०च्या सुमारास साष्टीत हिंडलेल्या आंक्वेतिल द्यु पेराँ या फ्रेंच प्रवाशाला मात्र मराठ्यांच्या अमलाखाली उघडपणे सण करणारे ख्रिस्ती दिसले. यात मराठ्यांच्या उदारपणाचं श्रेय आहेच. पण रोजची प्रार्थना, बारशाची आणि लग्नाची गाणी, मयताला सगळ्या आळीने जमणं, हे चालू ठेवणारी माणसं घरातलीच होती. आमच्या आजीला लॅटिन येत नव्हतं, मिस्सेतलं निम्मं कळत नव्हतं. आळीत कुणाची चूल पेटली नाही हे मात्र तिला सकाळी सातलाच कळायचं.

महाराष्ट्रात या विषयावर बोलताना पंडिता रमाबाईंना वगळून पुढे जाता येणार नाही. आमच्या व्यासपीठांवर त्यांची गोष्ट फार गोड करून सांगतात: दुःख झालं, ख्रिस्त भेटला, शांती मिळाली. खरी गोष्ट इतकी सरळ नाही. १८७४च्या सुमारास दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. भावाबरोबर पायपीट करत त्या कलकत्त्याला पोचल्या, १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी लग्न, १८८२ च्या सुरुवातीला तेही गेले. चोविशीच्या आत हे सगळं, आणि पदरात मुलगी मनोरमा. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमध्ये वॉन्टेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पोरक्या बाईला घर मिळालं असं समजून तिथल्या सिस्टर आणि पाद्री निश्चिंत झाले. रमाबाई मात्र त्यांच्याशी पत्रांतून वाद घालत राहिल्या: त्रैक्यावर, चर्चच्या अधिकारावर, मुलीला काय शिकवायचं यावर. इकडे १८८९ मध्ये त्यांनी शारदा सदन काढलं. काही वर्षांत धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यातली बडी मंडळी बाजूला झाली. म्हणजे दोन्हीकडून एकाकीपण. गोऱ्यांच्या लेखी हट्टी, आपल्या लोकांच्या लेखी बाटलेली.

मग १८९६चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या मुली आणि बाया घेऊन परतल्या. त्यांच्यासाठी केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं: विहिरी, शेती, छापखाना, शाळा. ज्या दुष्काळाने स्वतःची आई नेली, त्याच प्रकारच्या दुष्काळात त्या पुन्हा शिरल्या. मला रमाबाईंच्या श्रद्धेचा कणा इथे दिसतो. देवाने माझ्या आईला उपाशी का मारलं, याचं उत्तर त्यांना वॉन्टेजला मिळालं असेल, असं मला वाटत नाही. मिळालं असतं तर कदाचित त्या तिथेच राहिल्या असत्या. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. रमाबाई त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगल्या, आणि त्यातही मराठी बायबलच्या भाषांतराचं काम सोडलं नाही. आधी मन शांत होईल, मग काम सुचेल, अशी आपण वाट पाहत बसतो. केडगावला क्रम उलटा दिसतो.

दुसरी बाजूही आहे, ती सांगायला हवी. अनिश्चितपणाचा बाजार मोठा आहे आणि ख्रिस्ताच्या नावाची दुकानं त्यात कमी नाहीत. मांडव, ध्वनिक्षेपक, किंकाळ्या, साक्षी: नोकरी लागली, कॅन्सर गेला, व्हिसा आला. ज्याची नोकरी लागत नाही त्याला शेवटी ऐकावं लागतं, की तुझाच विश्वास कमी पडला. ईयोबाचे तीन मित्र, फक्त आता हातात माइक. आजारी माणसासाठी प्रार्थना करणं मी मनापासून मानतो, आणि बरं झालेल्याचा आनंदही खोटा मानत नाही. पण ज्या सभेतून एकटा आलेला माणूस एकटाच घरी जातो आणि वर स्वतःला अपराधी समजू लागतो, त्या सभेने त्याला लुबाडलं, मग पेटीत त्याने दहाच रुपये टाकले असोत. डहाणूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च ऑफ द ब्रदरनचे अमेरिकन लोक आले, त्यांचा दवाखाना आदिवासी पाड्यांतल्या बाळंतिणींसाठी उभा राहिला. धर्माच्या हेतूबद्दल त्यांच्याशी कुणाचे मतभेद असतील. पण दवाखान्यात रात्री दिवा घेऊन उठावं लागतं. चमत्काराच्या सभेला दहा वाजता मांडव उतरवता येतो.

सध्या किनाऱ्यावरच्या गावांत बोलणं एकाच गोष्टीचं असतं: वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पायाभरणी झाली. घिवली, दांडी, उच्छेळी, नवापूर, मुरबे, सातपाटी. समुद्रावर जगणाऱ्यांना आपली जाळी पुढच्या दहा वर्षांत कुठे पडणार, ते ठाऊक नाही. यातले बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत. तरी योहानाच्या शेवटच्या प्रकरणातली गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. गुरू मारला गेलेला, शिष्य गोंधळलेले. पेत्र म्हणतो, मी मासे धरायला जातो. माणसाला दुसरं काही सुचेना की तो हाताच्या सवयीकडे वळतो. रात्रभर जाळं रिकामं. पहाटे किनाऱ्यावरून कुणीतरी हाक मारून विचारतं, काही मिळालं का? पुढे जाळं भरतं, ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला आवडतो तो त्याच्या नंतरचा तपशील: किनाऱ्यावर निखारे पेटलेले, त्यावर मासळी आणि भाकर ठेवलेली. मृत्यूवर मात करून आलेला माणूस न्याहारी करून वाट पाहतो आहे. जेवण झाल्यावर पेत्राला, ज्याने तीनदा ओळख नाकारली होती, त्याला तो तीनदा विचारतो, प्रेम करतोस का? आणि होकार आल्यावर माफीचे दोन शब्दही नाहीत. कळप सांभाळायला सांगतो. ज्याच्यावर भरवसा ठेवणं परवडणार नाही, त्याच्याच गळ्यात माणसं. पेत्राची लाज याहून बऱ्या रीतीने कशी घालवता आली असती, मला सुचत नाही.

यावर एक आक्षेप मला नेहमी टोचतो. ज्याला कुणाच्या हवालीच केलं गेलं नाही, त्याचं काय? बोईसरच्या उपासनांना वेगवेगळ्या भाषांची माणसं येतात. मल्याळी नर्सेस, तामिळ कुटुंबं, अणुकेंद्राच्या वसाहतीतले इंजिनियर, वसईहून बदलून आलेले आम्ही, आणि शेवटच्या बाकावर झारखंडची पोरं. मिस्सा संपली की प्रत्येक जण आपल्या भाषेच्या घोळक्यात. पाळीवर असणाऱ्याचा तर रविवार रविवारी येतोच असं नाही. त्याची सुट्टी मंगळवारी, तेव्हा चर्चचं दार लोटलेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात धमक्या झेलल्या, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनात पाठीच्या दुखण्यासह अध्यक्षपद निभावलं, आणि आत्मचरित्राला 'नाही मी एकला' असं नाव दिलं. त्यांना ते म्हणता आलं, कारण त्यांच्या मागे एक गाव उभं होतं. शेवटच्या बाकावरच्या पोराला ते म्हणता यावं, हे त्याच्या श्रद्धेच्या बळावर सोडून देणं म्हणजे पुन्हा ईयोबाच्या मित्रांच्या रांगेत जाऊन बसणं. आमच्या धर्मग्रामात या वर्षी मंगळवारी संध्याकाळी आठ वाजता, दुसरी पाळी नसणाऱ्यांसाठी, हिंदीत रोझरी सुरू करण्यावर चर्चा झाली. लोक किती येतील, वीजबिल कोण भरेल, कुलपाची किल्ली कुणाकडे राहील, यावर बैठक दीड तास चालली. किल्ली सध्या माझ्याकडे आहे.